हवा खेळती राहू दे

नवीन पनवेल
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय पण्या,

तुझ्या जहाजावर फोन धड लागत नाही आणि मेल मात्र पोचतो, हे बरंच आहे एका परीने. फोनवर मी रडले असते. मेलमध्ये निदान खोडता येतं.

काम आहे तुझ्याकडे. नवा कॉम्प्युटर जोडून घेतला ते सांगितलं होतं ना, तो चालत नाही. म्हणजे चालतो, पण ऐन कामाच्या वेळी मान टाकतो. पनवेल गावातल्या मितेशच्या दुकानातून घेतला. "ताई, एकदम लेटेस्ट कॅबिनेट आहे," म्हणाला. पुढून काच, बाजूने काच, आत लाल-निळे-हिरवे पंखे. हॉलमध्ये गणपतीचं डेकोरेशन काढायचं राहून गेल्यासारखं दिसतंय. दुपारी रेंडर लावते. रेंडर म्हणजे बिल्डरच्या न बांधलेल्या टॉवरचं फिरतं चित्र. ते तयार व्हायला मशीनला तासन्‌तास जोर काढावा लागतो. लावून मी स्वयंपाकघरात जाते, नाहीतर खाली भाजीला. परत येऊन बघावं तर बंद! हात लावला तर चटका बसतो. मितेशला विचारलं तर म्हणतो, हॉलला एसी लावा. त्याच्या काकाने लावून दिलाय मला एसी.

आता मुद्द्याचं. ऑफिसच्या अनुया मॅडमनी दोनदा सांभाळून घेतलं. परवा म्हणाल्या, "प्रांजल, घरून जमत नसेल तर महापेला येऊन बस, इथे मशीन चांगली आहेत." बाई वाईट नाही, तिचंही बरोबर आहे. पण मी रोज महापेला गेले तर बाबांजवळ कोण? गॅस चालू ठेवून विसरतात. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका महिन्याभरात सोडून गेल्या. म्हणजे हे मशीन चाललं तर मी घरात, आणि मी घरात असले तर बाबा घरात. एवढं सरळ आहे बघ.

कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात ठेवलाय, आईचं ऑक्सिजनचं मशीन असायचं तिथेच. जड प्लगचा पॉइंट घरात तेवढाच. समोर बाबांची कॉट.

तू इंजिनवाला माणूस. सांग काय करू. थकले रे.

बाबा ठीक आहेत. जेवतात.

ताई


अरबी समुद्रात कुठेतरी
९ ऑक्टोबर

ताई,

मितेशने तुला कॅबिनेट नाही, शोकेस विकलंय. कॅबिनेटने पुढून गार हवा घ्यायची आणि मागून-वरून गरम हवा सोडायची. पुढे काच लावली म्हणजे नाकात बोळे घालून धावायला सांगितल्यासारखं झालं. आत पंखे दहा असोत, आतली तीच हवा ढवळत बसणार. आमच्या इंजिनरूममध्ये ये एकदा. वरून ब्लोअरची हवा येते म्हणून आम्ही जिवंत आहोत. ती बंद झाली तर चीफ इंजिनिअरपासून सगळे अंड्यासारखे उकडतील.

माझं ऐक, पाण्याचा कूलर लाव. प्रोसेसरवर छोटा पंप बसतो, नळीतून पाणी फिरतं, वर जाळीचा रेडिएटर आणि त्याला पंखे. आमचं एवढं मोठं धूड समुद्राच्या पाण्यावर गार होतं, तुझा डबा काय चीज आहे! मितेशकडे मोठ्यातला माग. तीन पंखेवाला.

आणि एक. "बाबा ठीक आहेत, जेवतात." आईच्या वेळी पण तू प्रत्येक मेलच्या शेवटी हेच लिहायचीस. "आई ठीक आहे, जेवते."

प्रणित


नवीन पनवेल
१६ ऑक्टोबर

पण्या,

तुझं समुद्राचं पाणी आणलं घरी. मितेशचा माणूस धर्मराज येऊन बसला सकाळी आणि दिवेलागणीला उठला. तो तीन पंख्यांचा रेडिएटर या कॅबिनेटात वर मावत नाही. पुढे लावावा तर काच. धर्मराजने इकडून दाबला, तिकडून दाबला, शेवटी झाकणच बसेना. मग म्हणतो, "मॅडम, झाकण उघडंच ठेवा, उलट हवा लागेल." म्हणजे आधी शोकेस होतं, आता पोट फाडलेलं शोकेस आहे. रोडपालीकडून ट्रकची जी धूळ येते ती सगळी आत. रोज सकाळी ब्रशने झाडते. घरात एका माणसाला अंघोळ घालायची असते, आता दोघांना घालते.

तरी दोन दिवस चाललं. मला वाटलं सुटले. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी घेऊन वर आले तर परत बंद.

बाबांचं विचारतोस ना? ऐक. दुपारचं त्यांचं तंत्र बिघडलंय. सकाळी बरे असतात, चहा-खारी खातात, माझ्याशी भांडतात सुद्धा. पण मशीन बंद पडून माझं डोकं फिरलेलं असतं, त्याच दुपारी नेमके हेही ताट सरकवतात. परवा म्हणाले, "जासईला कळवलंस का?" जासईच्या काकांच्या मनिषाचं लग्न ठरतंय, तेच डोक्यात घोळत असणार. म्हटलं, कळवते. मग परत खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले होते नव्या गोळीने होईल असं, तर गोळी सकाळची रात्रीवर नेलीये.

पण अगदीच गेलेली केस नाही हां. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे ना, ती दुपारी पांघरायला घेतात, आणि उठल्यावर अशी चापूनचोपून घडी करून ट्रंकेवर ठेवतात की मला सुद्धा जमणार नाही. म्हणून म्हणते, ठीक आहेत.

आता यात पाणी ठेवू की काढू?

ताई


खोल समुद्रात
२२ ऑक्टोबर

ताई,

चूक माझी. कॅबिनेटचं माप न विचारता कूलर सांगितला. आमच्याकडे एखाद्या ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

आता नीट लिहितो. पाणी काढ. ते काचेचं भूत पण काढ. पुढून सगळी जाळीच असलेलं साधं, रुंद कॅबिनेट घे. दिव्यांची रोषणाई नको. पुढे दोन मोठे पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जरा जास्त हवी, म्हणजे फटीफटीतून धूळ शिरत नाही. पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर. प्रोसेसरवर पत्र्यांचा उंच टॉवर असतो तो साधा हवेचा कूलर, पण घ्यायच्या आधी त्याची उंची कॅबिनेटात बसते का ते धर्मराजकडून टेप लावून मोजून घे. तोंडी हिशोबावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. बाकी काही नाही, हवा खेळती राहिली पाहिजे.

काल इथे दिवाळी केली. कुकने शंकरपाळे केले, ते तुझ्या सिमेंटच्या टॉवरला लावता येतील.

ताई, एक बोलू? तू हे किती दिवस ओढणार? मशीनचं म्हणत नाही मी. सध्या एवढंच. रविवारी रोडपालीच्या घरून निशाला पाठवतो तुझ्याकडे, नणंद-भावजय गप्पा मारा, बरं वाटेल.

प्रणित


नवीन पनवेल
५ नोव्हेंबर

प्रणित,

कॅबिनेट आलं. काळं, जाळीदार, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतं, पण खरं सांगते, हवा अशी सपासप खेळते की पुढे कागद धरला तर चिकटून बसतो. जुनं काचेचं मितेशने परत घेतलं नाही, ते माळ्यावर टाकलंय. दिवाळीनंतरचा आठवडा मस्त गेला. मी सुट्टीवर होते, हॉलमध्येच लोळत होते आणि मशीन समोर घरघरत होतं. एकदाही बंद नाही. तुला मनातल्या मनात शाबासकी दिली.

सोमवारी परत भाजीला गेले. आले तर बंद.

बसले मी तिथेच जमिनीवर. पिशवी हातात तशीच. बाबा खुर्चीत बसलेले. मला वाटलं हे मशीनच माझ्या मुळावर उठलंय. अनुया मॅडमनी आता स्पष्ट सांगितलंय, एक डिसेंबरपासून महापे.

आणि रविवारी निशा आली. चिवडा आणला, बाबांचे केस विंचरले, सगळं गोड. जाताना सहज म्हणाली, "ताई, बाबांना उशी जाड लागते की पातळ?" म्हटलं, का गं? तर म्हणे, तिथे आपली उशी आपणच न्यायची असते. तिथे म्हणजे कुठे? बिचारी रडायलाच लागली. कर्जतच्या बाजूला कुठलंसं वृद्धांचं केंद्र, तू दिवाळीआधीच बोलून ठेवलंयस, जागा धरून ठेवलीये!

मला कॅबिनेटच्या गोष्टी शिकवत होतास ना रे, पुढून हवा घ्या, मागून सोडा? आणि मागच्या मागे बापाला सोडायची तयारी? लाज नाही वाटली? मी इथे जीव मेटाकुटीला आणतेय ते कशासाठी? त्यांना आपलं घर असावं म्हणूनच ना!

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

प्रांजल


समुद्रात
८ नोव्हेंबर

ताई,

देतो उत्तर.

हो, जागा धरली. तुला न विचारता धरली, हे चुकलं. पण का ते ऐक. आईच्या वेळी तू "ठीक आहे, जेवते" लिहीत राहिलीस आणि एक दिवस मेल आला की आई गेली. मी पोचलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. आता परत तेच शब्द वाचले. बाबांचीच नाही, तुझीही भीती वाटली. तू पडलीस तर दोघंही पडाल, आणि मी असा पाण्यावर लटकलेला. जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे. तू नाही म्हणालीस तर नाही.

आता मशीनचं. तुझे सगळे मेल परत वाचले. एक गोष्ट डोळ्यात भरली. तू हॉलमध्ये असलीस की ते बंद पडत नाही. तू आत किंवा खाली गेलीस की पडतं. अशी मशीन नसतात, ताई. आमच्याकडे एखादा पंप असा वेड्यासारखा बंद पडायला लागला की आम्ही मीटर बघणं सोडतो आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसतो. तू उद्या रेंडर लाव, गेल्यासारखं कर आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बस. काही करू नकोस. नुसती बघ.

चिडलीस तरी चालेल, पण लिही.

प्रणित


नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर

पण्या,

बसले स्टूल टाकून.

मी आत गेल्यावर थोड्या वेळाने बाबा उठले. ट्रंकेवरची आईची गोधडी घेतली, उलगडली आणि कॅबिनेटवर घातली. पुढून, मागून, वरून. मग खाली वाकून चारी बाजूंनी नीट आत खोचली. आईचे पाय असेच झाकायचे ना रे? खुर्ची ओढून बसले आणि वर हात ठेवला. आत मशीन तापायला लागलं तसे पंखे जोरात ओरडायला लागले. तर बाबा म्हणतात, "दम लागलाय तिला. थांब हां, थांब. वारा लागतो तुला." आणि आणखी घट्ट खोचली.

मला उठून ती काढायला हवी होती. स्टुलावर बसूनच राहिले.

शेवटी मशीन बंद पडलं. एकदम शांत. बाबांनी कान लावला, बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग गोधडी काढली. उभी घडी, आडवी घडी, हाताने सपाट केली, ट्रंकेवर ठेवली. खुर्चीत बसले. तेवढ्यात मी दिसले त्यांना. म्हणाले, "जासईला कळव गो बाय."

तुला एक सांगितलं नाही कधी, सांगण्यासारखं काय होतं त्यात. आई गेली त्या दुपारी मी ऑफिसात होते. बाबा एकटे होते तिच्याजवळ. मी धावत आले तेव्हा ऑक्सिजनचं मशीन त्यांनीच बंद केलं होतं, गोधडीची घडी ट्रंकेवर होती, आणि मला बघून त्यांनी हेच म्हटलं होतं. "जासईला कळव गो बाय." अगदी हेच शब्द. आणि मी मूर्ख, मनिषाच्या लग्नाचं धरून बसले! गोधडीची घडी छान घालतात म्हणून तुला कौतुकाने लिहिलं. त्या घरघरीत त्यांना आई जिवंत वाटते, पण्या. आणि एक-दोन दिवसाआड ती त्यांच्या हाताखाली जाते. ताट सरकवतील नाहीतर काय करतील?

काल कॉम्प्युटर माझ्या खोलीत हलवला. लांब वायर टाकली. रेंडर शेवटपर्यंत झालं, पहिल्यांदा. आणि बाहेर बाबा रिकाम्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून उभे. "तिला कुठं नेली? कुठं नेली?" बसेचनात. मी जेमतेम बाथरूमला गेले तर बनियनवर जिना उतरून गेटपर्यंत गेले. वॉचमनने आणून सोडलं. पायात चप्पल नव्हती.

म्हणजे कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवला तर माझं काम जातं, आणि आत नेला तर बाबा जातात. आता मलाच वाटायला लागलंय की तुझं ते कर्जत बरोबर होतं. मला नाही होत आता. निशाला सांग, उशी पातळ लागते.

ताई


समुद्रात
१४ नोव्हेंबर

ताई,

मेल वाचला आणि इंजिनरूममध्ये जाऊन बसलो. तिथे एवढा आवाज असतो की कोणाला काही ऐकू जात नाही.

निशाला अजून काही सांगत नाही. आधी हे करून बघ.

माळ्यावरचं ते काचेचं कॅबिनेट खाली काढ. आत काही नको, पूर्ण रिकामं. पुढची काच स्क्रू काढून बाजूला ठेव. ते रंगीत पंखे फेक, दिव्यांनी बाबा बिचकतील. एकच मोठा पंखा घे, सावकाश फिरणारा, घरघर येईल असा. धर्मराजला सांग की तो मोबाईलच्या चार्जरवर चालेल अशी पिन जोडून दे, त्याला येतं ते. तळाशी एखादा पाटा ठेव, म्हणजे वजन वाटेल आणि ढकललं तरी हलणार नाही. आईच्या कोपऱ्यात ठेव. गोधडी घालू दे, हवी तेवढी खोचू दे. आत तापण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे बंद पडण्यासारखंही काही नाही.

फक्त लाइट जाते तुमच्याकडे. तो पंखा इन्व्हर्टरवर घे. त्यासाठी दुसरं काही काढावं लागलं तर काढ. सगळ्यात महत्त्वाचं तेच.

खरा कॉम्प्युटर तुझ्या खोलीत राहू दे. खिडकीपासून हातभर लांब, आणि जाळीच्या पुढे कपड्यांचा ढीग ठेवू नकोस. तुझी खोली मला माहीत आहे.

प्रणित


नवीन पनवेल
२२ नोव्हेंबर

पण्या,

केलं. धर्मराज म्हणाला, "मॅडम, यात मदरबोर्डच नाही." म्हटलं, नसू दे. माझ्याकडे बघत बघत पिन जोडून दिली बिचाऱ्याने.

पाट्याऐवजी आईच्या मसाल्याचा जुना खलबत्ता ठेवला तळाशी. चालू केलं. बाबा लांबूनच बघत राहिले. मग आले, वर हात ठेवला. गोधडी आणली, घातली, खोचली. पंखा आपला एका लयीत घरघरत राहिला. मी आत रेंडर लावून बसले, पण सगळा जीव बाहेर. दुपार गेली, चार वाजले, बंद पडायचं नावच नाही. बाबा बाहेरून म्हणाले, "आज बरी हाय ती. दम नाय लागला." आणि स्वतःहून जेवायला मागितलं. भाकरी आणि सुकटीची चटणी. दोन वेळा वाढलं.

रोज असंच चाललंय. मॅडमना काम वेळेत गेलं, महापे तूर्त टळलं.

पण रात्री अंथरुणावर पडले की वाटतं, मी बापाला रिकामा डबा देऊन बसवलंय. फसवतेय रे मी त्यांना. आई नाही हे सांगायला नको का? काल तोंडावर आलं होतं. "बाबा, आई गेली." तेवढ्यात त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "आवाज नको करू गो बाय. निजली हाय."

तू सांग, हे बरोबर आहे का?

ताई


समुद्रात
२५ नोव्हेंबर

ताई,

मला नाही माहीत. मला मशीनचं कळतं, तेही मापं न घेता.

पण जासईला एकदा कळवलं होतं ना आपण? बास झालं. दर दुपारी कशाला परत कळवायचं?

केंद्राला नाही म्हणून सांगितलंय. निशा शनिवार-रविवार तुझ्याकडे राहील, उशी घेऊन, स्वतःची. जानेवारीत मी उतरतो. आधी रोडपालीला नाही, तुझ्याकडे येईन. महिनाभर मी बाबांजवळ बसतो, तू फक्त झोप.

पंख्याला आठवड्यातून एकदा ब्रश मार. धुळीने जड झाला की आवाज बदलेल.

प्रणित


नवीन पनवेल
९ डिसेंबर

पण्या,

आज दुपारी लाइट गेली. आख्खं सेक्टर. इन्व्हर्टरवर तू सांगितल्याप्रमाणे तेवढा एकच पॉइंट ठेवलाय, त्यामुळे माझा कॉम्प्युटर बंद, डोक्यावरचा पंखा बंद, अर्धं झालेलं रेंडर पाण्यात. आतून एक शिवी हासडली आणि बाहेर आले. कॅबिनेटचा पंखा चालू होता. घरात तेवढा एकच आवाज. बाबा हात ठेवून बसले होते.

मी पण तिथेच फरशीवर कॅबिनेटला पाठ लावून टेकले. म्हटलं, लाइट येईपर्यंत बसावं. कधी डोळा लागला कळलंच नाही. किती महिन्यांनी अशी मेल्यासारखी झोपले असेन.

जाग आली तेव्हा लाइट आली होती. गोधडी कॅबिनेटवरच होती, पण एका बाजूने ओढून तिचं टोक माझ्या अंगावर घातलेलं होतं. नीट खोचलेलं, चारी बाजूंनी.

रेंडर उद्या परत लावते.

ताई